लहान पोरं घरात असताना चळवळ कशी करायची

राजकारणात उतरायचंय पण पोरं लहान आहेत, असं असेल तर अमेरिकेतल्या एलिझाबेथ कॅडी स्टँटनचं बघा. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स या गावातल्या सभेत बायकांना मत मिळावं ही मागणी मांडली तेव्हा पदरात तीन मुलगे होते, पुढे एकूण सात मुलं झाली आणि नवरा बराच काळ बाहेरगावी.

पहिलं म्हणजे सगळं स्वतःच करायचा हट्ट सोडा. चळवळीतली तिची मैत्रीण सुझन अँथनी, तिला संसार नव्हता म्हणून फिरणं, सभा, सह्या गोळा करणं तिच्याकडे आणि लिहिणं एलिझाबेथकडे. सुझन घरी यायची, पोरं सांभाळायची, चुलीवरचं पुडिंग ढवळायची, तेवढ्यात ही टेबलाशी बसून भाषण लिहायची. मला हे फार आवडतं, पोरं सांभाळणं हेही चळवळीचंच काम धरलं त्यांनी. तुम्हीही अशी मैत्रीण शोधा आणि कुठल्या दिवशी किती तास येणार ते आधीच ठरवा, नुसतं "मदत कर" म्हणून काही होत नाही.

घरकामाला बाई ठेवलीत तर अपराधी वाटून घेऊ नका, अमेलिया विलार्ड होती म्हणून एलिझाबेथचं घर चाललं. आणि महिनोन् महिने चालणारे व्याख्यानदौरे तिने १८६९ पासून घेतले, धाकटा तेव्हा दहा वर्षांचा होता. तोवर तुम्ही घरबसल्या होणारी कामं मागून घ्या, अर्ज, पत्रं, भाषणाचे मुद्दे.