पहिला प्रयोग लावण्याआधी लॅपटॉप लावा: रसायनशास्त्राच्या प्रबंधाची तयारी

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, किंवा धुळे, अमळनेरच्या एखाद्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. सुरू करत असाल, तर काचसामान हातात घेण्याआधी लॅपटॉप तयार करा. बरेच जण नेमकं उलट करतात. आधी सगळे प्रयोग, मग सबमिशनच्या तोंडावर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून क्रॅक केलेलं केमड्रॉ (रेणूंच्या रचना काढायचं विकतचं सॉफ्टवेअर). त्याची काही गरज नाही. अख्खा प्रबंध फुकट आणि कायदेशीर साधनांवर लिहून होतो.

सगळ्यात आधी संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर टाका. पेपर वाचला की त्याच दिवशी तो झोटेरोत गेला पाहिजे. पेपरचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) दिला की लेखक, वर्ष, पानं सगळं आपोआप भरलं जातं. वर्डमध्ये त्याचं बटण येतं, संदर्भांचे क्रमांक स्वतःच बदलत राहतात. प्रकाशकाने मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर झोटेरो तशी सूचनाही देतं. सगळं तुमच्याच लॅपटॉपवर राहतं, त्यामुळे गावी नेट गेलं तरी काम अडत नाही. ऑनलाइन फुकट जागा मात्र 300 एमबीच आहे, म्हणून पीडीएफची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

रेणूंच्या रचना काढायला केमस्केच घ्या, शिक्षणासाठी ते मोफत मिळतं. पहिल्याच दिवशी बंधाची लांबी आणि अक्षरांचा आकार ठरवून टाका. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत बंध 14.4 पॉइंटचा असतो, तोच धरा. पहिल्या आणि पाचव्या प्रकरणातल्या बेंझिनच्या कड्या वेगवेगळ्या आकाराच्या निघाल्या, तर परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

आता डेटाबेस. इथे घाई करू नका. आपल्याकडे केळीच्या सालीपासून शोषक करून पाण्यातून मिथिलीन ब्लू हा रंग काढून टाकायचे प्रकल्प भरपूर होतात, तेच उदाहरण घेऊ. बाटलीवरचा सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) आधी पबकेम या मोफत डेटाबेसवर टाका. 61-73-4 म्हणजे निर्जल मिथिलीन ब्लू, रेणुभार 319.85. पण बाटलीवर 7220-79-3 असेल तर तो ट्रायहायड्रेट, म्हणजे सोबत पाण्याचे तीन रेणू असलेला, रेणुभार सुमारे 373.9. म्हणजे 100 मिलिग्रॅम तोललं तरी त्यात रंगद्रव्य 85.5 मिलिग्रॅमच्या आसपासच. हे ध्यानात आलं नाही तर सगळी द्रावणं 14 टक्क्यांनी पातळ, आणि त्यावर काढलेली शोषणक्षमताही चुकीची. क्रमांक टिपताना आकडा चुकला का, तेही तपासता येतं: शेवटचा अंक सोडून उजवीकडून 1, 2, 3 असं गुणत जा आणि बेरीज करा. 61-73-4 साठी 3, 14, 3, 24 यांची बेरीज 44, आणि तिचा शेवटचा अंक 4. जुळला!

सेंद्रिय संश्लेषण करणाऱ्यांनी जपानचा एसडीबीएस आणि अमेरिकेचा निस्ट वेबबुक हे दोन्ही स्पेक्ट्रांचे डेटाबेस बुकमार्क करून ठेवावेत. सुरुवातीच्या पदार्थांचे आयआर, एनएमआर, मास स्पेक्ट्रा (पदार्थ ओळखायला वापरायचे आलेख) तिथे पाहायला मिळतात. स्फटिकरचना लागली तर क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस खुला आहे, आणि ती पाहायला मर्क्युरी या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. सायफाइंडर आणि रीॲक्सिस हे सशुल्क डेटाबेस सहसा घरून उघडत नाहीत. ग्रंथपालांना विचारा आणि शोधायच्या रचनांची यादी करून एकदाच बसा.

नमुने एनएमआरसाठी पुण्या-मुंबईला पाठवाल तेव्हा अर्जातच लिहा की पीडीएफ नको, एफआयडीसह (यंत्राने नोंदवलेला कच्चा सिग्नल) पूर्ण फोल्डर हवं. पीडीएफमधला स्पेक्ट्रम पुन्हा इंटिग्रेट करता येत नाही. फोल्डर असेल तर विद्यार्थ्यांना मोफत मिळणाऱ्या टॉपस्पिन या सॉफ्टवेअरमध्ये हवं तसं उघडा. ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये 7.26 पीपीएमला आणि डीएमएसओमध्ये 2.50 पीपीएमला दिसणारं शिखर द्रावकाचं असतं, ते आपल्या पदार्थात मोजू नका. फोल्डरच्या नावात तारीख आणि नमुना क्रमांक हवाच, आणि तोच क्रमांक प्रयोगवहीतही.

आलेखांना विकतच्या ओरिजिनऐवजी मोफत लॅबप्लॉट चालतं. लँगम्युअर आणि फ्रॉइंडलिक ही शोषणाची समीकरणं सरळ रेषेत ओढूनताणून बसवण्यापेक्षा त्यात थेट वक्र बसवा. सरळ रेषेत आणताना चुकांचं वजन बदलतं आणि स्थिरांक सरकतात.

लिहायला लागण्याआधी शोधगंगावर (भारतीय प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) आपल्याच विषयाचे दोन-तीन प्रबंध उघडून प्रकरणांची मांडणी पाहा. मजकूर मात्र उचलू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा द्यावं लागतं, 40 ते 60 टक्क्यांत सुधारित प्रबंध द्यायला एक वर्ष बंदी असते, आणि 60 टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. साम्य सर्वात जास्त प्रयोगपद्धतीत निघतं, म्हणून ती प्रयोगवही समोर ठेवून स्वतःच्या वाक्यांत लिहा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ आधीच करून ठेवा, शोधगंगाला ती तशीच लागते.