पिट स्टॉपवरून बाबांनी उचलण्यासारखं

पिट स्टॉप म्हणजे फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत चाकं बदलायला गाडी मध्येच थांबते ते. २०२३च्या कतार ग्रां प्री या शर्यतीत मॅकलॅरेन संघाच्या पथकाने चालक लॅन्डो नॉरिसच्या गाडीची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. गाडीभोवती वीसेक माणसं असतात. प्रत्येक चाकाला तिघं: एक चाकाचा नट सोडवणारी-आवळणारी गन चालवतो, एक जुनं चाक ओढून काढतो, एक नवं बसवतो. शिवाय पुढे-मागे जॅकवाले. बाबालोकांनी यातला वेग सोडून द्यावा. बघायचं ते एवढंच, की तेवढ्या वेळात कुणी कुणाला काही विचारत नाही.

हे घरात कसं चालेल असं वाटत असेल, तर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाचं उदाहरण आहे. हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं बाळ थिएटरमधून आयसीयूत नेताना नळ्या, मॉनिटर आणि माहिती, सगळ्यांचाच गोंधळ व्हायचा. तिथल्या डॉक्टरांनी फेरारी संघाच्या पिट क्रूचं, म्हणजे चाकं बदलणाऱ्या पथकाचं, काम पाहिलं आणि आपला क्रम ठरवला: सूत्रं एकाकडे, आधी यंत्रं जोडायची, ती लागल्यावरच माहिती सांगायची. चुका कमी झाल्या आणि २००७ साली त्यावर शोधनिबंधही आला.

बाळ हातात घेताना

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाळ तुमच्याकडे येतं, तीही सुपूर्दगीच. बॅग खाली, हात धुतलेले, फोन बाजूला. मगच बाळ घ्या आणि मगच ऐका. विचारायच्या गोष्टी चार: शेवटचं दूध किती वाजता आणि किती, शी-शू, झोप, औषध. ऐकलेलं एकदा म्हणून दाखवा: "साडेपाचला नव्वद एमएल, सहाला झोपला, औषध नाही." रोज केलं की वीस सेकंदांत होतं.

यातलं औषध सगळ्यात जपायचं. तापात पॅरासिटामॉल आईने सातला दिलं, ते माहीत नसल्याने बाबांनी आठला पुन्हा दिलं, हा घोटाळा दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. दोन डोसांत सहसा चार ते सहा तासांचं अंतर लागतं आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस द्यायचे नसतात. त्यात एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात: ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्या बाटलीत तेवढ्यातच २५०, ड्रॉप्समध्ये तर १ एमएलमध्येच १००. "अर्धा चमचा" हे माप म्हणून बाद. बाळाच्या वजनाप्रमाणे किती एमएल आणि कोणत्या बाटलीतून, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाटलीवर चिकटवा. फ्रीजवर कागद, शेजारी दोरीने बांधलेलं पेन. वेळ लिहिल्याशिवाय बाटलीचं झाकण लावायचं नाही.

सकाळची शाळा

सकाळी सव्वासातला "मी काय मदत करू?" विचारणारा बाबा मदत करत नसतो, आणखी एक काम वाढवत असतो. गन धरणाऱ्याला आपलं चाक आदल्या दिवसापासून माहीत असतं. तसं एकेक काम संपूर्ण घ्या. डबा घेतला म्हणजे भाजी चिरण्यापासून रात्री डबा घासण्यापर्यंत सगळं तुमचं. आठवण करून द्यायचं कामही बायकोचं नाही. दप्तर, बूट-मोजे आणि गणवेश रात्रीच दाराशी. पाण्याची बाटलीही रात्रीच धुऊन उलटी ठेवा.

हिरवा दिवा कुणी द्यायचा, हेही ठरवा. २०१८च्या बहारीन शर्यतीत फेरारीचा चालक किमी रायकोनेन याच्या गाडीचं मागचं डावं चाक निघालंच नव्हतं, तरी निघायचा इशारा मिळाला. मेकॅनिकचा पाय मोडला आणि फेरारीला ५०,००० युरो दंड झाला. घरात इतकं होत नाही, पण आयकार्ड राहतं आणि मग रिक्षावाले काका खाली हॉर्न देत बसतात. दारात एकानेच उभं राहून वस्तूला हात लावत मोजायचं: डबा, पाणी, डायरी, आयकार्ड. तोंडी "घेतलंस ना?" विचारलं तर "हो" हेच उत्तर येणार.

मुलाला वळण आधी सांगा

मोटार रॅलीत चालकाशेजारी बसलेला नॅव्हिगेटर पेस नोट्स, म्हणजे पुढच्या रस्त्याची टिपणं, वाचतो: "डावा पाच, पन्नास, चढ, उजवा तीन, कापू नको." बऱ्याच पद्धतींत वळणाचा आकडा लहान तितकं ते तीव्र; पन्नास म्हणजे मीटर, आणि "कापू नको" म्हणजे वळण आतून कापू नको. जागतिक रॅलीत स्टेजवरून, म्हणजे शर्यतीच्या एकेका टप्प्यावरून, आधी दोनच फेऱ्या मिळतात. पहिलीत नोट्स लिहायच्या, दुसरीत तपासायच्या. बाबांची खरी जागा याच सीटवर आहे.

नवी शाळा किंवा परीक्षा केंद्र असेल तर त्याच वाराला, त्याच वेळी एक फेरी मारून या. रविवारी दुपारी पाहिलेला रस्ता सोमवारी सकाळी कामाचा नाही. गेट कोणतं, स्वच्छतागृह कुठे, तुम्ही कुठे उभे राहणार, हे मुलाला दाखवा. लसीच्या वेळच्या नोट्स अशा: "मांडीवर बसायचं. बाही वर. थंड कापूस. आता टोचेल, पाच आकडे मोज. झालं." आठवडाभर आधी सांगितलं तर मूल आठवडाभर घाबरतं, सुई दिसल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो. लहानांना त्याच दिवशी सकाळी सांगणं पुरतं. "काही दुखणार नाही" ही चुकीची नोट आहे. ती एकदा वाचलीत की पुढच्या वळणाला तुमच्या शब्दावर भरवसा उरत नाही.

रेडिओ

२०१२ला अबुधाबीच्या शर्यतीत रायकोनेनने रेडिओवरून सूचना देणाऱ्या इंजिनिअरला सुनावलं होतं की मला एकटं सोडा, मी काय करतोय ते मला कळतं. आणि शर्यत जिंकला. इंजिनिअर शक्यतो सरळ रस्त्यावर बोलतात, ब्रेकिंगच्या वेळी नाही. मुलगी पेपरला निघताना अभ्यासाचा विषय काढू नका. पात्रता फेरीपासून शर्यतीपर्यंत किरकोळ बदल सोडले तर गाडीचं सेटिंग बदलता येत नाही; परीक्षेच्या आदल्या रात्रीही नवं पुस्तक, नवी युक्ती, नवं पेन बंद. निकालाची चर्चा जेवण झाल्यावर करा. आधी तिने बोलायचं, कागद मग.

गाडीतलं आसन

हे मोटरस्पोर्टकडून थेट घ्यायचं. फॉर्म्युला वनमध्ये २००३पासून हान्स, म्हणजे हेल्मेटला जोडून डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण, सक्तीचं आहे, कारण धडकेत अंग पट्ट्याने थांबतं पण डोकं पुढे फेकलं जातं. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कच्ची, म्हणून त्याचं आसन मागे तोंड करून बसवायचं. युरोपच्या आर१२९ या मुलांच्या आसनांच्या नियमाप्रमाणे निदान पंधरा महिने, त्याहून जास्त जमलं तर उत्तम. पुढे एअरबॅग चालू असेल तर असं आसन पुढच्या सीटवर कधीही नाही. आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा आसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे, आणि ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किमीची मर्यादा.

आसन बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकलं तर सैल आहे. मूल बसवल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा, चिमटीत आला तर अजून आवळा. जाड स्वेटर आधी काढा, नाहीतर पट्टा स्वेटरवर घट्ट बसतो आणि मूल आत मोकळंच राहतं.