चवथीचं पान दरवर्षी नव्याने: लेयर जपणारी फाइल कोणती?

डिजिटल स्क्रॅपबुकातलं चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, पान एकदा नीट बसलं की पुढच्या वर्षी त्यात माटोळीचा (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीचा) फोटो आणि साल, एवढंच बदलायचं असतं. कावी भित्तिचित्रांसारखी लाल-पांढरी किनार तीच, आझुलेजूच्या (पोर्तुगीज धाटणीच्या) निळ्या टाइल्सचा मागचा कागद तोच. पण फाइलमध्ये या गोष्टी सुट्या, आपापल्या लेयरवर (थरावर) राहिल्या असतील तरच हे जमतं. हाती नुसती जेपीजी उरली असेल तर ‘२०२४’ मधला ४ खोडण्यासाठी त्याच्यामागच्या टाइल्स पुन्हा रंगवत बसावं लागतं.

म्हणून एका पानाच्या दोन फाइली ठेवायच्या. एक मूळ, जिच्यात सगळे लेयर शाबूत. दुसरी छपाईला किंवा नातेवाइकांना पाठवायची प्रत. मूळ फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवली, त्याच्याच फॉरमॅटमध्ये ठेवा: फोटोशॉप आणि एलिमेंट्ससाठी पीएसडी, गिंपसाठी एक्ससीएफ, क्रितासाठी केआरए. बाकीचे फॉरमॅट म्हणजे तडजोड.

जेपीजीत लेयर नाहीत, पारदर्शकताही नाही, आणि दर वेळी बदल करून सेव्ह केली की थोडा तपशील झिजतो. पीएनजीबद्दल मात्र गैरसमज फार. स्क्रॅपबुकच्या तयार किटमधली फुलं, फिती, बटणं पीएनजीत येतात, त्यांची पार्श्वभूमी पारदर्शक असते, म्हणून पीएनजीत लेयर राहतात असं अनेकांना वाटतं. राहत नाहीत, पीएनजी म्हणजे कडेने कापलेलं एकच चित्र. माटोळीचंच बघा. सुपारीच्या घोसाच्या बारीक काड्या, आंबाड्यांचे झुबके, मधूनमधून दिसणारी भिंत, हे सगळं मास्क (नको तो भाग न खोडता झाकणारा पडदा) लावून कापलं आणि पीएनजी करून ठेवलं, तर मास्कखाली झाकलेला भाग कायमचा गेला. महिन्याभराने लक्षात आलं की तोरिंगाच्या फळाचा देठ जास्तच छाटला गेलाय, तर पीएनजीतून तो परत आणता येत नाही. मूळ फाइलमध्ये मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की देठ हजर. तिथे इरेझरने खोडलं असेल तर मात्र पीएसडीही काही करू शकत नाही, म्हणून कापाकापी मास्कनेच करा.

पीएसडी सेव्ह करताना

१२ बाय १२ इंचाचं पान ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ३६०० पिक्सेल होतं. आठ बिटच्या आरजीबीत पूर्ण पान भरणारा एक लेयर साधारण ३९ एमबी जागा मागतो. दाबून साठवल्यावर फाइल त्याहून लहान होते, आणि एका कोपऱ्यातलं छोटं फूल तर नगण्य. पीएसडीची मर्यादा ३०,००० पिक्सेल आणि २ जीबी. ३०,००० पिक्सेल म्हणजे ३०० च्या हिशेबाने १०० इंच, त्यामुळे मापाची अडचण कधीच येत नाही. अडतं ते २ जीबीला, जेव्हा डझनभर मोठे फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा जपून, आत बसवलेले असतात. मग पीएसबी हा फोटोशॉपचाच मोठ्या फाइलींचा फॉरमॅट निवडा, पण ती उघडणारी सॉफ्टवेअर कमी आहेत.

सेव्ह करताना ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ विचारलं तर हो म्हणा. त्याने फाइल फुगते, पण आत सपाट चित्राचीही एक प्रत राहते. ती नसेल तर लेयर न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पानाऐवजी नुसती सूचना दिसते.

नव्या फोटोशॉपमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’च्या यादीत जेपीजी सापडत नाही म्हणून काहीजण आधी सगळे लेयर फ्लॅटन करतात, म्हणजे एकात मिसळतात. मग सवयीने कंट्रोल-एस दाबला की मूळ फाइलच सपाट. जेपीजी ‘सेव्ह अ कॉपी’मध्ये आहे, तिथूनच काढा.

टिफ आणि गिंप

फोटोशॉपच्या टिफमध्ये लेयर राहू शकतात आणि मर्यादा ४ जीबीची आहे. पण ते लेयर मुख्यतः फोटोशॉपलाच कळतात. इतरत्र सपाट चित्र दिसतं. सेव्हच्या चौकटीत खाली लेयर कम्प्रेशनचे तीन पर्याय येतात. त्यातला ‘डिस्कार्ड लेयर्स’वाला चुकून निवडला तर टिफही बिनलेयरचीच. लेयर हवे असतील तर आरएलई किंवा झिप. झिपने फाइल लहान होते, सेव्ह व्हायला वेळ लागतो.

गिंप पीएसडी उघडतं, पण सावलीसारखे इफेक्ट जसेच्या तसे येतील याची खात्री धरू नका, आणि अक्षरांचं चित्र झालेलं असू शकतं. गिंपमध्ये ‘सेव्ह’ फक्त एक्ससीएफ करतं. पीएसडी, पीएनजी, जेपीजी ‘एक्स्पोर्ट’मध्ये. एक्स्पोर्ट केलं म्हणजे मूळ फाइल सेव्ह झाली, असं नव्हे. पावसाळ्यात वीज गेली की हा फरक चांगलाच कळतो.

देवनागरी अक्षरं

इंग्रजी पानांना न जाणवणारी गोची इथे होते. अक्षरांचा लेयर शाबूत राहिला तरी दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर रूप बदलतं. ‘चतुर्थी’ टाइप करून बघा: रफार थीच्या डोक्यावर चढला तर ठीक, ‘र्’ पाय मोडून बाजूला उभा राहिला तर जुन्या फोटोशॉपमध्ये बहुधा टाइप प्रेफरन्समधला दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय चालू नाही. ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी द च्या उजवीकडे पडली तरी दोष तोच. मुक्तासारखा युनिकोड फॉन्ट वापरा. डीटीपीच्या दुकानात चालणाऱ्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. उपाय सोपा: अक्षरांच्या लेयरची नक्कल करा, नक्कल रास्टराइझ करा (अक्षरांचं चित्र करा), लेयरच्या यादीतलं तिचं डोळ्याचं चिन्ह बंद करून ती मूळ लेयरखाली ठेवा. फॉन्ट हरवला तरी पान कसं दिसत होतं ते कळतं. परवाना देत असेल तर फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये टाका.

सेव्ह झाल्यावर लगेच तपासा. फाइल बंद करून पुन्हा उघडा, लेयर मोजा, मास्क दिसतोय का बघा, ‘चवथ’ या शब्दात कर्सर टाकून एक अक्षर बदलून बघा. बदललं तर फाइल खरी. बदल न ठेवता बंद करा. मूळ फाइल कुणाला द्यायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पुढच्या चवथीला मूळ फाइल उघडून आधी नव्या सालाच्या नावाने ‘सेव्ह अ‍ॅज’ करा, मगच हात लावा. फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर ‘रिप्लेस कंटेंट्स’ने नवा बसवता येतो, सावली आणि मास्क तसेच राहतात. नवा फोटो वेगळ्या मापाचा असेल तर तो चौकटीत लहानमोठा बसतो. जुन्याच्या पिक्सेलइतका आधी कापून घेतला की जागच्या जागी येतो. मास्क मात्र जुन्या माटोळीच्या आकाराचा असतो. तो नव्या फळांप्रमाणे रंगवावा लागणारच.