फळ्यांचा रंग पाहायचा तर आधी ओल्या करा

एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्यासुद्धा रंगाने जुळतीलच असं नाही. गाभ्याचं लाकूड गडद, सालीलगतचं फिकट. त्यात वरवर बसलेली धूळ आणि करवतीचे ओरखडे खरा रंग झाकून टाकतात. म्हणून कापायच्या आधी सगळ्या फळ्यांवर हलका रंधा मारा आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं फिरवा. पॉलिशनंतर साधारण कसा रंग येईल ते लगेच दिसतं, आणि थोड्या वेळात टर्पेंटाइन उडूनही जातं. (जवळपास विडी-काडी नको, खिडक्या उघड्या ठेवा.)

ताज्या रंधलेल्या सागावर काळपट-हिरवट पट्टे दिसले तर फळी बाद करू नका; उजेडात काही दिवस ठेवली की ते बरेच निवळतात. चेरी उजेडाने गडद होते, अक्रोड उलट फिकट होतो. त्यामुळे दोन दिवस अर्धी झाकून ठेवलेली फळी हमखास फसवते.

सगळ्यात एकसारख्या फळ्या टेबलाच्या वरच्या भागाला, दाराच्या पुढच्या बाजूला. विजोड असतील त्या खणांच्या आत. स्टेन (लाकडाला रंग चढवणारं द्रावण) लावून रंग जुळवण्याच्या फंदात मी तरी शेवटचा उपाय म्हणूनच पडतो.