वारीला जायचंय? मग आधी खरेदी थांबवा

पहिल्या वारीच्या आधी मी काय काय घेतलं होतं सांगते, ट्रेकिंगचे शूज, मोठी सॅक, पॉवर बँक, पाच ड्रेस, सगळं ऑनलाईन आणि त्यातलं बरंचसं हप्त्यावर. पार्सल आलं की त्या दिवशी भारी वाटायचं, दुसऱ्या दिवशी खोका कोपऱ्यात. आणि आळंदी ते पुणे पहिल्याच टप्प्यात त्याच शूजनी टाचेला फोड आला. म्हणून पहिलं सांगणं हेच, नवीन काही घेऊ नका, पायाला सवय झालेले जुनेच बूट चप्पल घाला आणि दोन महिने आधीपासून रोज पाच-सहा किलोमीटर चाला.

सुख देवाधर्मात जास्त की वस्तूंत, यावर घरी बसून कितीही बोलता येतं, पण मला हे चालूनच कळलं.

माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकोबांची आदल्या दिवशी देहूहून. पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, अडीच-तीन आठवडे जातात. एवढी सुट्टी नसेल तर पुणे ते सासवड एक दिवस करा, टप्पा मोठा आहे, वाटेत दिवे घाट चढायचा.

ओळखीतून एखादी दिंडी गाठा. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की जेवण आणि तंबूची सोय होते, सामान ट्रकमध्ये जातं. भिशी किती ते आधीच विचारा, प्रत्येक दिंडीचं वेगळं असतं. दोन जोड कपडे, टॉवेल, पांघरूण, ताट-पेला, बॅटरी, बास. ट्रकमधलं सामान मुक्कामालाच हाती येतं म्हणून पाणी, औषधं आणि पावसाचा कागद खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

माझ्या दिंडीत एक आजी होत्या, दोन लुगडी, एक नेसायचं एक धुवायचं, सगळा संसार एका कापडी पिशवीत. सासवडला मी पाय धरून बसले होते तर त्या वाटीत कोमट तेल घेऊन आल्या, "दे गं माऊली पाय इकडं" म्हणाल्या आणि न विचारता चोळायला लागल्या, बोटांना स्वयंपाकाच्या कांद्याचा वास येत होता, मला रडूच आलं.

एक छोटी वही मात्र न्या. रोज रात्री एकच ओळ, आज बरं कधी वाटलं. माझ्या वहीत वस्तू दोनदाच आल्यात, दोन्ही वेळा कोरडे मोजे, बाकी सगळी माणसं, हरिपाठ आणि कुणीतरी दिलेला चहा. ज्याच्या घरी खायची भ्रांत आहे त्याला पैशानं सुख येतंच, ते नाकारू नये. पण पोट भरल्यावरही मी जे घेत सुटले होते त्यानं काही मिळत नव्हतं, हे त्या वहीनं दाखवलं.

श्रद्धा नाही, तरी येऊ का, असं विचारतात. या की, फक्त भजनात गप्प बसू नका, शेजारच्याकडून टाळ मागून घ्या, ठेका दोन दिवसांत जमतो.

परत आल्यावर काही घ्यावंसं वाटलं तर त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून पंधरा दिवस थांबा, मी अजून थांबते.

आणि पंढरपुरात एकादशीला दर्शनाची रांग खूप लांब असते, तेवढं उभं राहवत नसेल तर चंद्रभागेत स्नान करा, नामदेव पायरीला डोकं टेकवा, कळसाला हात जोडा आणि निघा, कितीतरी वारकरी वर्षानुवर्षं असंच करतात.