खोत ओरडत नव्हता

एकांकिका स्पर्धेचा निकाल लागल्यावर परीक्षक संघांना भेटतात तेव्हा इतरांच्या चुका ऐकायला मजा येते. आपली पाळी येईपर्यंत. आमच्या वेळी परीक्षक एवढंच म्हणाले, "तुमचा खोत फार घाबरलेला वाटतो." मी उडालेच. खोत म्हणजे कोकणातला सारा वसूल करणारा जमीनदार, आणि आमचा तर चाळीस मिनिटं गरजत होता, शेवटच्या प्रयोगात त्याचा घसा बसला होता. मालवणीत 'परीक्षकाक काय कळता' म्हणून आम्ही विषय संपवला आणि बाहेर येऊन वडापाव खाल्ला.

सत्ता, शोषण, घरातली दडपणं असल्या विषयांवर पहिलंवहिलं नाटक करायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. संहितावाचन, ब्लॉकिंग, विंगांचा हिशोब हे तुम्हाला येत असणारच. मी पडले त्या खड्ड्याबद्दल मात्र जरा जास्तच बोलणार आहे, ऐकून घ्या.

विषय मी अभ्यासाने निवडला होता. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला, तो संप सहा वर्षं चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडलं. हे सगळं मी संवादांत कोंबलं. कुळं सनावळ्या बोलत होती आणि खोत ओरडत होता.

मग मे महिन्यात घरी देवगडला गेले. आजीला गोष्ट सांगितली, खोताचा एक संवाद जोरात म्हणून दाखवला. ती फणसाचे गरे काढत होती, मान वर न करता म्हणाली, "खोत कधी आराडलो नाय गो. तेका आरडूची गरजच काय होती? तो पडवीत पान खाय आणि माझो बापूस खळ्यात उभो ऱ्हवा."

माझा खड्डा तो हाच. सत्ता दाखवायची म्हणून मी ती सत्ताधाऱ्याच्या तोंडात घातली. ती दिसते समोरच्याच्या पाठीत, मानेत, हातांत. खोत वर पडवीत आणि कूळ खाली खळ्यात, म्हणजे अंगणात. मधे दोन पायऱ्यांचं अंतर. त्या पायऱ्या कोण चढू शकतं, कोण विचारून चढतं, कोणाच्या मनातही चढायचं येत नाही, एवढं दिसलं की संवाद निम्मे कापता येतात. खोत पान लावतोय, चुन्याची डबी सापडत नाही, आणि खळ्यातले तिघं ती सापडेपर्यंत गप्प उभे आहेत. कोणी अंगावरची माशीही हाकलत नाही. एवढ्यावर प्रेक्षक खोताला ओळखतो. उलट तुमचा खोत किंचाळला, की त्याचं कोणी ऐकत नाही असंच दिसतं. परीक्षकांचं बरोबर होतं, हे लिहायला मला आजही जड जातंय.

दशावतार, आपलं जत्रेतलं पौराणिक नाटक, लहानपणापासून पाहिलाय ना? मीही पाहिलाय, देवळासमोर गोणपाटावर पेंगत. राजाला तिथे मिळतं काय? एक बाकडं. त्यावर चादर टाकली की सिंहासन, काढली की पुन्हा बाकडं. ते सिंहासन ठरतं कारण बाकीचे त्यावर बसत नाहीत. संहिता लिहिलेली नसते, तरी राजपार्टीला, म्हणजे राजाचं काम करणाऱ्या नटाला, कधी थांबायचं आणि समोरच्याला किती झुकू द्यायचं हे पक्कं ठाऊक असतं. हे शिकायला मी पुण्यापर्यंत जाऊन प्रमाणपत्रवाली तीन दिवसांची कार्यशाळा केली. प्रमाणपत्र अजून आहे, कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी. कार्यशाळा वाईट नसतात, पण जत्रेतल्या पाच रात्री जागून बघा आणि मग फी भरा.

आणि पौराणिक म्हणून नाक मुरडणार असाल, तर खाडिलकरांचा 'कीचकवध' आठवा. १९०७ मध्ये रंगमंचावर आला. कीचकात लोकांनी व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली.

घरातली सत्ता याहून अवघड. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं, खोट्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेचं स्वगत तुमच्यापैकी निम्म्या मुलींनी ऑडिशनला केलं असेल. मीही केलंय, रडून. पण नाटक पुन्हा वाचा आणि या वेळी मिसेस काशीकरांवर बोट ठेवून वाचा. नवरा तिला येताजाता गप्प करतो. तीच बाई त्यांच्या आश्रयाला असलेल्या बाळू रोकडेला दटावते आणि संधी मिळताच बेणारेवर तुटून पडते. आणि ते गाजलेलं स्वगत? बेणारे बोलत असते तेव्हा बाकीचे गोठलेले असतात, त्यांच्यापर्यंत एक शब्द पोचत नाही. आम्ही सगळ्या मात्र ते भाषण जिंकल्यासारखं म्हणतो.

माझ्या घरी मला तालमीला कोणी 'जाऊ नको' म्हटलं नाही. बाबा फक्त विचारायचे, "वस्तीची गाडी किती वाजता?" त्यांना वेळ ठाऊक होती. ती गाडी चुकली तर रात्र रत्नागिरीत काढावी लागे, हे मला ठाऊक होतं. मी दोन वर्षं शेवटचा प्रवेश सोडून एस.टी. गाठली. मनाई झालीच नव्हती, त्यामुळे भांडणार कोणाशी? असं काही तुमच्याकडे असेल तर त्यावर लिहा. घाबरू नका, नावं बदलता येतात. यावर मी लिहिलेलं नाटक बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "त्या माणसाचं बरोबर होतं." असंही होतं.

आता सांगायला नको वाटतं ते. शोषणाविरुद्धच्या त्या एकांकिकेच्या तालमी मी कशा घेतल्या? एका मुलीची एन्ट्री चुकत होती, तिला मी सगळ्यांसमोर पाच वेळा आत पाठवलं. सहाव्या वेळी बरोबर आली. मला वाटलं, शिस्त लागली. त्यानंतर ती प्रत्येक गोष्टीला "हो ताई" म्हणू लागली, आणि आधी तालमीत रोज काहीतरी सुचवणारी पोर महिनाभर एकही सूचना न करता गेली. कुळाचं काम तिला उत्तम जमलं, यात माझ्या दिग्दर्शनाचा वाटा भलत्याच अर्थाने होता.

शिव्या देणारे दिग्दर्शकच माणूस घडवतात हे खूळ डोक्यातून काढा. मी तशांच्या हाताखाली शिकले. कामातलं जे येतं ते त्यांच्या पाठीमागे, मेकअपवाल्याकडून आणि लाइटवाल्याकडून शिकले. त्यांच्याकडून फक्त आवाज उचलला. एखादा गुरू तालमीत चुकून तरी 'मला माहीत नाही' म्हणतो का, ते बघा. म्हणत असेल तर चहा आणायलाही जा त्याच्यासाठी. पहिली दोन नाटकं पडली तर पडू देत, कोकणात पडलेल्या नाटकाची आठवण पुढच्या जत्रेपर्यंतच टिकते.

ती मुलगी आता स्वतः एकांकिका बसवते. परवा तालमीला बोलावलं म्हणून गेले. शाळेच्या सभागृहात एकच खुर्ची होती, सवयीने बसले आणि बसल्या बसल्या दोन पोरांना सूचना दिल्या. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, सांगायचं असेल तर उभ्या राहून सांगाल का? मुलं घाबरतात." उठले. राग आला होता, खोटं कशाला सांगू.