शेजारच्या आंब्याची फांदी आपल्या बागेत आली तर

कोयता शेवटी काढायचा. आधी खडू घ्यायचा.

सुटीच्या दिवशी सकाळी नऊला, बाराला आणि तीनला फांदीची सावली कुठवर येते, त्या कडेने खडूने किंवा चुन्याने रेघ ओढा. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज निदान सहा तास ऊन हवं. अळू, पुदिना, आलं, हळद मात्र अर्ध्या सावलीतही खुशाल येतात. मी रेघा ओढल्या तेव्हा कळलं, की टोमॅटोच्या वाफ्यावरची निम्मी सावली आमच्याच पाण्याच्या टाकीची होती! शेजारच्या आंब्याचा खरा उपद्रव वेगळाच होता. त्याची पानं आमच्या पन्हळीत साचायची आणि पावसाळ्यात पाणी भिंतीत मुरायचं. म्हणजे अख्खी बाजू छाटायची गरजच नव्हती, पन्हळीवरची एक फांदी गेली तरी पुरे होतं. मागणी एवढी नेमकी झाली की पुढचं सोपं जातं.

मग शेजाऱ्यांशी बोला. त्यांना आपल्या बाजूला बोलवा, चहा द्या, पन्हळ दाखवा. "तुमच्या झाडाचा त्रास होतो" अशी सुरुवात झाली की माणूस आधी झाडाची बाजू घेतो. त्यापेक्षा, "काका, आंबा उतरवून झाला की ही एवढी फांदी काढून घेऊ या का? मजुरी मी देतो." मजुरीवर घासाघीस करू नका, ती भांडणापेक्षा स्वस्तच पडते. आणि फांदी आपल्या हद्दीत असली तरी आंबे झाडाच्या मालकाचे. पडलेले पाडही टोपलीत घालून परत द्यावेत. (आमच्याकडून सगळे परत गेले, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.)

शेजारी हो म्हणाले तरी लगेच करवत लावू नका. महाराष्ट्रातल्या शहरांत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे, आणि त्यात 'झाड तोडणे' या व्याख्येत झाडाला कुठलीही इजा करणंही येतं. म्हणून महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे छाटणीचा अर्ज करा. सोबत फांदीचे फोटो आणि झाडमालकाची लेखी संमती जोडा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

शेजारी ऐकतच नाहीत आणि झाड पोखरलेलं किंवा कललेलं असेल, तर तारखेसह फोटो काढून त्यांना आणि पालिकेला लेखी कळवा. झाड पडून कुणाला इजा होण्यासारखी स्थिती असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. फांदी विजेच्या तारेला टेकत असेल तर हात लावू नका, वीज कंपनीला कळवा.

परवानगी हातात आली की मुहूर्त बघा. मोहोर असताना छाटायचं नाही. फळ उतरल्यावर, कोरडा दिवस पाहून. त्याआधी पानांत नीट डोकावा. मे-जूनमध्ये कावळ्याचं घरटं असू शकतं. असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

जाड फांदी उंचावर असेल तर सरावाचा माणूसच बोलवा. तो काय करतो हे मात्र पाहत राहा. फांदी आधी दोरीने बांधायची. खोडापासून साधारण फूटभर अंतरावर खालच्या बाजूने एक तृतीयांश चीर, मग थोडं पुढे सरकून वरून पूर्ण काप. खालची चीर नसेल तर फांदी खाली येताना खोडाची साल सोलून नेते. राहिलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कडेच्या बाहेरून कापायचा, खोडाला घासून नाही. आंब्याच्या चिकाने कातडी भाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेतच.

ताज्या कापावर बुरशी रोखणारा लेप, म्हणजे बोर्डो पेस्ट, लावा. प्लास्टिकच्या दोन भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी घेऊन एकात 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि दुसऱ्यात 100 ग्रॅम चुना वेगवेगळा भिजवा, मग एकत्र करून त्याच दिवशी ब्रशने लावा. लोखंडी बादली नको, मोरचूद लोखंड खातं. पहिल्या जोराच्या पावसानंतर वर नजर टाका. पेस्ट धुऊन गेली असेल तर पुन्हा एकदा हात फिरवा, अर्थात काकांना सांगूनच.